काट्यावर न दिसणारे आरोग्य

शास्त्रपाठ : १ राजे १९:१-८



गेल्या वर्षी पावसाळ्यात एका पाड्यावरच्या शिबिरात माझ्या हातून चूक झाली. एका ताईंचे वजन मी सगळ्या रांगेसमोर मोठ्याने वाचले आणि म्हणाले, "ताई, वजन वाढलंय, जेवण कमी करा." त्या मान खाली घालून गेल्या. पुढच्या दोन शिबिरांना आल्याच नाहीत. मी घरी गेले तेव्हा कळले, विहिरीवरून हंडा आणताना त्यांना धाप लागत होती. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ८. बाईमाणसाचे ते किमान १२ असावे लागते. मी काट्याचे ऐकले, त्यांचे ऐकलेच नाही.

आता एलीयाकडे पाहा. ईजबेलीच्या भीतीने तो रानात पळाला, झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला. देवाने त्याला दोष दिला नाही. दूताने त्याला हात लावून उठवले, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले. त्या बळावर तो चाळीस दिवस होरेबाकडे चालत गेला. देवाने पाहिले ते एवढेच, की याला पुढची वाट चालता येईल का?

यातून आपण तीन गोष्टी शिकू.

१. अन्न. "कमी खा" म्हणण्याआधी ताटात काय आहे ते विचारावे. नागलीची भाकर, डाळ, रानभाज्या आणि सोबत लिंबू किंवा आवळा असावा. आंबटाने अन्नातले लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा मात्र टाळावा.

२. विसावा. पाणी, सरपण, लावणी आणि दिवाळीनंतर वीटभट्टी, असे राबणाऱ्या शरीराला झोप हवी. तंबाखू, मिश्री सुटली तर तोही मोठा लाभ.

३. शब्द. आकडा चारचौघांत वाचू नये. आधी विचारावे, "ताई, दम लागतो का? झोप येते का?"

लहान मुले आणि गरोदर माता यांचे वजन मात्र नेमाने घ्यावेच. बाळाचे वजन न वाढणे ही धोक्याची खूण असते. पण मोठ्या माणसाचे आरोग्य एका आकड्यात मावत नाही. सिकलसेलसारखा आजारही काटा दाखवत नाही, त्याला रक्ततपासणीच लागते.

मी त्या ताईंची क्षमा मागितली. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. आता त्या न थांबता हंडा घरी आणतात, शिबिरालाही येतात. शिबिराचा अहवाल लिहिताना मी आता किलोच्या आधी हेच लिहिते. आपणही अहवाल वाचताना हेच शोधावे, ही विनंती.

मननासाठी : उपासनेनंतर भेटल्यावर आपण "जाड झालीस", "वाळलास" असे सहज बोलतो का? त्याऐवजी या आठवड्यात कोणाला भाकर, विसावा किंवा धीराचा शब्द देता येईल?

प्रार्थना : हे प्रभू, एलीयाला जसे तू सांभाळलेस, तसे दुसऱ्याला सांभाळायला आम्हांला शिकव. आमेन.