एका ड्रायव्हरच्या दोन आवृत्त्या
लिनक्स अद्ययावत केल्यानंतर उद्भवणारा दोष व त्याचे निराकरण

लिनक्स प्रणालीचा गाभा लिनस टॉरवाल्डस् यांनी १९९१ साली हेलसिंकी येथे विद्यार्थी असताना लिहिला. आज प्रयोगशाळा, महाविद्यालये व गणनकेंद्रे यांतील असंख्य संगणक या प्रणालीवर चालतात. प्रणाली वेळोवेळी अद्ययावत करणे सुरक्षिततेसाठी आवश्यकच असते. तथापि, एनव्हिडिया कंपनीचे ग्राफिक्स कार्ड बसविलेल्या संगणकावर अद्ययावतीकरणानंतर कधी कधी अचानक अडचण उद्भवते. कालपर्यंत चालणारी आज्ञावली सुरू होत नाही आणि ‘ड्रायव्हर व लायब्ररी यांच्या आवृत्त्या जुळत नाहीत’ अशा आशयाची सूचना पडद्यावर येते. कार्ड बिघडले असे समजून काही जण घाईने सारी प्रणालीच नव्याने बसवितात. त्यात कित्येक दिवसांचे काम नष्ट होण्याचा धोका असतो. वस्तुतः बहुतेक वेळा यंत्रात कोणताही बिघाड झालेला नसतो.

दोष का उद्भवतो?

ग्राफिक्स ड्रायव्हर ही एकसंध वस्तू नसून तिचे दोन भाग असतात. पहिला भाग, म्हणजे मोड्यूल, प्रणालीच्या गाभ्यात अर्थात कर्नलमध्ये राहून प्रत्यक्ष कार्डाशी व्यवहार करतो. दुसरा भाग म्हणजे लायब्ररी. आज्ञावल्या तिच्यामार्फत मोड्यूलकडे काम सोपवितात. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये या दोन्ही भागांची आवृत्ती तंतोतंत एकच असावी लागते. ५३५.१७१.०४ व ५३५.१८३.०१ या एकाच मालिकेतील आवृत्त्या असल्या, तरी त्यांचे परस्परांशी जमत नाही. इंटेल व एएमडी यांच्या कार्डांबाबत मोड्यूल कर्नलसोबतच येते व जुन्या-नव्या लायब्ररींशी जुळवून घेते. त्यामुळे तेथे हा दोष सहसा आढळत नाही.

अद्ययावतीकरणात डिस्कवरील लायब्ररी तत्काळ बदलते. स्मृतीत आधीच चढलेले मोड्यूल मात्र संगणक पुन्हा सुरू होईपर्यंत जुनेच राहते. उबुंटूसारख्या प्रणालीत सुरक्षाविषयक बदल आपोआप बसविण्याची सोय असल्याने, कोणी हात न लावताही रातोरात ही विसंगती निर्माण होऊ शकते.

निदान

उपाय योजण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. (आज्ञा व फाइलींची नावे प्रत्यक्षात रोमन लिपीतच लिहावयाची असतात.)

१. ‘/प्रॉक/ड्रायव्हर/एनव्हिडिया/व्हर्शन’ ही फाइल वाचावी. स्मृतीत चालू असलेल्या मोड्यूलची आवृत्ती तीत मिळते.
२. ‘मॉडइन्फो एनव्हिडिया’ ही आज्ञा द्यावी. डिस्कवरील मोड्यूलची आवृत्ती तिच्यामुळे कळते.
३. पॅकेजांच्या यादीतून बसविलेल्या लायब्ररीची आवृत्ती पाहावी.

उपाय

डिस्कवरील मोड्यूल व लायब्ररी जुळत असून केवळ स्मृतीतील मोड्यूल जुने असेल, तर संगणक पुन्हा सुरू करणे एवढाच उपाय पुरेसा आहे. कार्डावर एखादी दीर्घ गणना चालू असल्यास ती आधी पूर्ण होऊ द्यावी. पुन्हा सुरू करणे शक्यच नसेल, तर कार्ड वापरणारी सर्व कामे, चित्रमय पडद्यासह, थांबवून यूव्हीएम, डीआरएम, मोडसेट व शेवटी मूळ एनव्हिडिया या क्रमाने मोड्यूल उतरवावीत आणि नवीन चढवावीत.

डिस्कवरील मोड्यूल जुने असेल किंवा मुळीच सापडत नसेल, तर नव्या कर्नलसाठी ते तयार झालेले नाही असे समजावे. मोड्यूल डीकेएमएस या व्यवस्थेमार्फत तयार होत असेल, तर त्या कर्नलच्या हेडर फाइली असणे आवश्यक असते. अशा वेळी सुरुवातीच्या यादीतून जुना कर्नल निवडून संगणक सुरू करावा, हेडर फाइली बसवाव्यात आणि मोड्यूल पुन्हा तयार करावे.

मोड्यूल तयार असूनही चढत नसेल, तर सिक्युअर बूट चालू आहे काय, हे पाहावे. ही सुरक्षा-योजना स्वाक्षरी नसलेले मोड्यूल नाकारते. त्यासाठी स्वाक्षरीची किल्ली संगणकात नोंदवावी लागते.

कंपनीची स्वतंत्र फाइल आणि प्रणालीचे पॅकेज अशा दोन मार्गांनी ड्रायव्हर बसविला असेल, तर विसंगती वारंवार उद्भवते. त्यांपैकी एक मार्ग पूर्णपणे काढून टाकावा. सामान्यतः प्रणालीचे पॅकेज ठेवणे श्रेयस्कर.

खबरदारी

अनेकांच्या वापरातील संगणकावर ड्रायव्हरचे पॅकेज आपोआप बदलू नये म्हणून ते रोखून धरता येते. परंतु ते कायमचे रोखल्यास सुरक्षाविषयक सुधारणाही अडून राहतात. म्हणून महिन्यातील एक दिवस निश्चित करून, वापरकर्त्यांना पूर्वसूचना देऊन बदल करावेत आणि त्याच वेळी संगणक पुन्हा सुरू करावा. जुना कर्नल लगेच काढून टाकू नये. आवृत्त्यांची नोंद एका वहीत ठेवल्यास पुढील वेळी दोष शोधणे सोपे जाते.