बारा मीटरांचा आकाशक

पृथ्वीचे चित्र उपग्रहावरून घ्यावयाचे, तर कॅमेऱ्यास दोन अडचणी येतात. रात्री उजेड नसतो आणि पावसाळ्यात ढग आडवे येतात. रडारास या दोहोंची बाधा होत नाही. ते स्वतःच सूक्ष्मतरंग सोडते आणि जमिनीवरून परतलेला प्रतिध्वनी टिपते. तरंग सोडणाऱ्या व झेलणाऱ्या अवयवास आकाशक किंवा अँटेना म्हणतात.

आकाशकातून निघालेली शलाका किती पसरेल, हे तरंगलांबीस आकाशकाच्या लांबीने भागले असता कळते. तरंगलांबी २४ सेंटिमीटर व आकाशक १२ मीटर असेल, तर ७४७ किलोमीटर उंचीवरून येणारी शलाका जमिनीवर सुमारे १५ किलोमीटर पसरते. एवढ्या विस्तारात शेत कोणते आणि गाव कोणते, हे कसे ओळखावे? १० मीटरांचा तपशील हवा असल्यास आकाशक सुमारे १८ किलोमीटर लांब करावा लागेल. तो कोणता अग्निबाण वाहून नेईल?

यावरील तोड उपग्रहाच्या गतीतच आहे. जमिनीवरील एखादा खडक उपग्रहाच्या सुमारे १५ किलोमीटरांच्या प्रवासात शलाकेतच राहतो. त्या वाटेवर मिळालेले सर्व प्रतिध्वनी त्यांच्या कलेसह नोंदवून गणिताने एकत्र केले, म्हणजे तेवढ्याच लांब आकाशकाचे काम होते. यास संश्लेषित-द्वारक रडार म्हणतात. मिळणारा तपशील आकाशकाच्या निम्म्या लांबीइतका, म्हणजे येथे ६ मीटरांचा असतो. नवल असे की, आकाशक जितका आखूड तितका तपशील सूक्ष्म!

मग आकाशक अगदी आखूड का करू नये? उपग्रहाने आकाशकाच्या निम्म्या लांबीइतके अंतर कापण्यापूर्वी पुढील स्पंद सोडावाच लागतो. स्पंद फार घाईने सोडले, तर रुंद प्रदेशातून येणारे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात. शिवाय लहान आकाशकास क्षीण प्रतिध्वनी टिपणे कठीण जाते.

भारत व अमेरिका यांच्या ‘निसार’ उपग्रहात हा मेळ घातलेला आहे. त्याचा परावर्तक सोन्याचा मुलामा दिलेल्या तारांच्या जाळीचा असून १२ मीटर व्यासाचा आहे. दोन तरंगलांबींची दोन रडारे तो एकच परावर्तक वापरतात. परावर्तकासमोर प्रेषक-ग्राहक घटकांची रांग असते. सर्व घटक एकदम तरंग सोडतात, तेव्हा सुमारे २४० किलोमीटर रुंद पट्टा उजळतो. जवळचा प्रतिध्वनी आधी व दूरचा नंतर परततो. त्यानुसार झेलणारी अरुंद शलाका पट्ट्यावरून सरकत जाते.

उपग्रहाची जुळणी बंगळूरु येथे झाली. उड्डाणात परावर्तक मिटलेला असताना अपेक्षेहून अधिक तापेल, असे चाचण्यांतून दिसले. एकदा कक्षेत गेल्यावर दुरुस्ती अशक्य. म्हणून २०२४ साली तो कॅलिफोर्नियास पाठवून त्यावर विशेष लेप देण्यात आला व ऑक्टोबरात तो बंगळूरुस परत आणला. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून उपग्रह निघाला आणि १५ ऑगस्टला ती जाळी अवकाशात उलगडली.

दर १२ दिवसांनी तोच प्रदेश पुन्हा पाहून जमिनीची सेंटिमीटरभर हालचालही ताडावयाची, हे त्याचे काम आहे. भूकंपप्रवण प्रदेश, दरडी व हिमनद्या यांच्याविषयीचे आपले ज्ञान अशा मोजमापांवरच उभे राहणार आहे.