दुसरी संगणकभाषा कोणती?

खालापूर तालुक्यातील एका ग्रामपंचायत सदस्यांनी मध्यंतरी प्रस्तुत लेखकास विचारले, "मुलीची पदविका होत आली. सी प्लस प्लस ती शिकली आहे. पुढे जावा शिकवू की पायथन? क्लासची फी भाताच्या पैशातून भरायची आहे." कर्जत स्थानकातून मुंबईकडे आणि बोरघाट चढून पुण्याकडे नोकरीसाठी जाणाऱ्या तालुक्यांत हा प्रश्न एकाच घराचा नसतो. शिक्षकांनाही तो नेहमी विचारला जातो.

भाताचे बियाणे घेताना आपला शेतकरी आधी खाचर पाहतो. हलक्या जमिनीला हळवे, खोलगट पाणथळीला गरवे. संगणकभाषेच्या बाबतीत मात्र जाहिरात पाहिली जाते.

या तिन्ही भाषा 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड' म्हणजे वस्तुकेंद्री पद्धतीला वाव देणाऱ्या आहेत. या पद्धतीचा उगम 1960 च्या दशकात नॉर्वेमध्ये तयार झालेल्या 'सिम्युला' भाषेत आहे. लेखक कला शाखेचा असल्याने त्याला ही कल्पना समजली ती ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वरून, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीवरून. 'मिळकत' हा मूळ वर्ग धरावा. घर, दुकान, कारखाना हे त्याचे उपवर्ग. मालकाचे नाव, क्षेत्रफळ ही माहिती सर्वांना वारशाने मिळते. कराची आकारणी मात्र प्रत्येक उपवर्ग आपल्या रीतीने करतो. बिल काढणाऱ्या आज्ञावलीने 'कर सांग' एवढेच म्हणायचे. उद्या गावात मोबाइल मनोरा उभा राहिला तर नवा उपवर्ग जोडावा. घरे-दुकानांच्या आज्ञावलीला हात लावावा लागत नाही. हा विचार ज्याला पचला, त्याला पुढची भाषा जड जात नाही.

आता निवड. 1995 साली आलेल्या जावाची लेखनपद्धती सी प्लस प्लसशी मिळतीजुळती आहे. वापरून झालेली स्मृती मोकळी करण्याचे काम ती स्वतःच करते. तिच्यात आज्ञावली वर्गाच्या चौकटीतच लिहावी लागत असल्याने वळण लागते. क्षेत्रफळाच्या अंकी रकान्यात 'बाराशे' असे अक्षरी लिहून दिले, तर आज्ञावली चालण्यापूर्वीच ती अडवते. पायथन 1991 ची. ती मोकळी, वाचायला सोपी. पण अशी चूक बहुधा त्या ओळीचा हिशेब सुरू झाल्यावरच उघडकीस येते. शिवाय एकही वर्ग न रचता तिच्यात शेकडो ओळी लिहिता येतात, त्यामुळे वस्तुकेंद्री विचार शिकायचा राहूनच जातो. सांख्यिकी, विज्ञान किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेकडे ओढा असेल तर मात्र पायथनला पर्याय शोधू नये. अँड्रॉइडसाठी गूगलने 2019 पासून कोटलिनला अग्रक्रम दिला आहे. जावा येत असेल तर तीही लवकर उमगते. म्हणून या मुलीने आधी जावा घ्यावी, असे लेखकाचे मत पडले.

दोन्ही भाषांची साधने विनामूल्य मिळतात. तेव्हा फी भरण्यापूर्वी आठ दिवस शाळेच्या संगणकावर नमुना 8 ची छोटी आज्ञावली दोन्ही भाषांत लिहून पाहावी, असे सदस्यांना सुचवले. मुलीने घर आणि दुकान दोन्हींत बसवले. कारखान्याच्या आकारणीचे दर विचारण्यासाठी ती आता ग्रामसेवकांकडे जाणार आहे.