अभ्यास पाठ : मधमाशी, मध नेणारा आणि मैलूरची पेटी



अवधूत आणि यदुराजाच्या संवादात आपण आज मधमाशीपाशी आलो. ज्यांच्या घरी नाथ महाराजांचं एकनाथी भागवत आहे त्यांनी आठवा अध्याय उघडून शेजारी ठेवावा. पाठ या वेळी थोडा लांबेल, कारण निम्मा पोथीतला आहे आणि निम्मा आमच्या घरामागच्या पेटीतला.

अवधूत मधमाशीकडून दोन गोष्टी शिकले. पहिली, फुलाला धक्का न लावता थोडं-थोडं घ्यावं. आपली माधुकरी यावरूनच आली. गाणगापूरला दुपारी झोळी घेऊन आपण पाच घरी जातो, कुणा एकावर भार पडू देत नाही, ते हेच. दुसरी गोष्ट उलट आहे. माशी साठवते आणि साठ्यापायी जिवाला मुकते, तसं करू नये. मग हत्ती येतो, आणि त्याच्यानंतर चक्क मध काढून नेणारा. तोही गुरू! ही यादी मी कित्येक वर्षं वाचली. दर वेळी स्वतःला माशीच्या जागी धरूनच वाचली.

आता पेटीकडे या. मैलूरला आमच्याकडं सातेरी माशीच्या दोन पेट्या आहेत. धंदा नाही, नाद आहे. पेटीच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या, नाहीतर मुंग्या एका रात्रीत वर चढतात. फाल्गुन-चैत्रात आपल्याकडं माळ तापलेला असतो, पण झाडं त्याच वेळी फुलतात. आंब्याचा मोहोर सरत येतो, शेवगा असतो, मग कडुलिंब, त्यामागून करंज. माशीचा सुगीचा काळ हाच.

उघडण्याआधी पाच मिनिटं दाराशी नुसतं बसावं. मागच्या पायांना परागाच्या पिवळ्या, केशरी गोळ्या लावून माश्या आत जाताना दिसल्या तर समजायचं, आत पिल्लं आहेत. पराग त्यांच्यासाठीच लागतो. दारात काही माश्या तोंड बाहेर करून पंख हलवत उभ्या असतात. त्या बाहेरची हवा आत ढकलतात. परदेशी मेलिफेरा माशी हेच काम तोंड आत करून करते, म्हणजे आतली हवा बाहेर ओढते. पिल्लांच्या जागी ऊब ३४-३५ अंशांच्या आसपास राखायची असते, बाहेर ऊन कितीही असो.

मग हलका धूर देऊन चौकट उचलायची. सावकाश, झटका नको. वरच्या कडेला मध, त्याखाली परागाचा पट्टा, मध्ये पिल्लांची घरं. घराच्या तळाशी बारीक पांढरा दोरा उभा दिसला तर ते अंडं आज-कालचं. राणी शोधत बसायची गरजच नाही. अंडं उभं आहे म्हणजे ती परवापर्यंत तरी इथं होती. अंड्यापासून कामकरी माशी व्हायला १९-२० दिवस लागतात. जन्मल्यावर आधी घरं पुसणं, मग पिल्लांना भरवणं, मेण काढणं, राखण, आणि फुलांवर जाणं सगळ्यात शेवटी. फुलं कुठं सापडली ते बाहेरून आलेली माशी पोळ्यावर नाचून दाखवते. कार्ल फॉन फ्रिश यांनी तो नाच उलगडला आणि १९७३ साली त्यांना नोबेल मिळालं. मला मात्र अजून त्यातली दिशा नीट वाचता येत नाही.

चैत्रात एक गोष्ट बघण्यासारखी. पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखी घरं लोंबायला लागतात. ती नव्या राणीची. ती तयार होत आली की जुनी राणी बऱ्याचशा माश्या घेऊन बाहेर पडते. भरलेलं घर, मध, पराग, पिल्लं, सगळं लेकीला. जाणाऱ्या माश्या पोटात मावेल तेवढाच मध नेतात.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडून एक चूक झाली. चैत्रात चौकटी मधानं भरलेल्या बघून हात आवरला नाही. वरच्या कोठीतला काढलाच, पिल्लांच्या कोठीतलाही काढला. कानडीत मधालाही जेनु आणि माशीलाही जेनु. शेजारपाजारचे सगळे 'जेनु, जेनु' करत बरण्या घेऊन आले, मीही कौतुकानं वाटला. आषाढात पेटी उघडली तर एकही माशी नाही. चौकटींवर मेणकिड्याची जाळी. मी आमच्या सौ.ना म्हटलं, कुणीतरी मोहोळ चोरलं. त्या म्हणाल्या, "चैत्रात कोण चोरत होतं ते मी बघितलंय."

सातेरी अशीच आहे. उपासमार झाली की घर सोडून निघून जाते. पावसात आपल्याकडं फुलं कमी, बाहेर पडणंही कठीण. त्या दिवसांचीच शिदोरी मी बरणीत भरली होती.

त्यानंतर आठवा अध्याय पुन्हा वाचला. चैत्रात मध आणणारी माशी कामाच्या दिवसांत जेमतेम महिना-दीड महिना जगते. आषाढात तो मध खाणारी माशी तेव्हा जन्मलेलीही नसते. मग हिला लोभी कसं म्हणायचं? नीट बघितलं तर अवधूत ही गोष्ट भिक्षा मागणाऱ्याला सांगतात : संध्याकाळसाठी, उद्यासाठी ठेवू नकोस, हात हेच भांडं, पोट हीच कोठी. लेकरंबाळं असलेल्याला धान्याची कणगी रिकामी ठेवायला कुणी सांगितलेलं नाही, असं मला वाटतं. तुमचं मत वेगळं असेल तर सत्संगात बोलू, मला ऐकायला आवडेल. माझ्यापुरतं सांगायचं तर, यादीत मी ज्या जागी स्वतःला धरत होतो तिच्या दोन जागा पुढं माझं नाव होतं.

यंदा नवी वसाहत आहे. मध फक्त वरच्या कोठीतून घेतो, तोही माशीनं मेणाचं झाकण लावल्यावर. पोळं पिळत नाही. यंत्रात फिरवून मध निघाला की चौकट परत पेटीत. खालच्या कोठीला हात नाही. बरण्या कमी झाल्या, शेजारी थोडे नाराज आहेत.

ज्यांना पेटी बघायची आहे त्यांनी येत्या रविवारी सकाळी नऊनंतर यावं, ऊन चढायच्या आत. अंगाला अत्तर किंवा डोक्याला वासाचं तेल नको, काळे कपडे नकोत. पोरांना आणलं तरी चालेल, फक्त दारासमोर उभं राहू नये, बाजूला बसावं.