लक्ष्मीपूजनातल्या मोहरा विकताना

प्रश्न : सासूबाईंनी (वय ८४) मला चार मोहरा आणि दोन गिन्या दिल्या आहेत. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनात त्या चौरंगावर मांडतो. एका मोहरेवर सिंह, ताडाचं झाड आणि १८४१ साल आहे. दुसरीला कधीतरी माळेसाठी कडी लावलेली आहे. बिल, कागद काहीच नाही. मुलाच्या शिक्षणासाठी विकायचा विचार आहे. सराफ म्हणतात, घट वजा करून बावीस कॅरेटच्या भावाने घेतो. नातेवाईक म्हणतात, पूजेतल्या वस्तूवर कर नाही आणि विवाहित स्त्रीला पाचशे ग्रॅमपर्यंत सूट आहेच. खरं काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, सराफांना आज होकार देऊ नका. कराचा विचार नंतर करू. आधी हातात काय आहे ते पाहू.

कंपनी सरकारची मोहोर ११.६६ ग्रॅमची, म्हणजे बरोबर एक तोळ्याची, बावीस कॅरेटची. सराफ तेवढंच मोजतात, आणि त्यांच्या धंद्याच्या दृष्टीने ते चूक नाही. पण १८३५ पासून कंपनीच्या मुलखात कायदेशीर चलन होतं ते चांदीच्या रुपयाचं. पंधरा रुपयांची मोहोर पाडली जात होती, मात्र ती स्वीकारण्याची सक्ती कुणावरही नव्हती. १८४१ मध्ये सरकारी खजिन्यांना ती घेण्याची मुभा मिळाली. १८५३ पासून तीही गेली. म्हणून मोहरा रुपयांच्या मानाने फारच थोड्या पडल्या, आणि त्यातल्याही बऱ्याच पुढे दागिन्यांसाठी आटवल्या गेल्या. खरी, न घासलेली मोहोर संग्राहक सोन्याच्या भावापेक्षा पुष्कळ जास्त देऊन घेतो. गिन्यांचं तसं नाही. ७.९८ ग्रॅमची व्हिक्टोरिया राणीची गिनी ढिगाने निघाली. विशेष साल किंवा टांकसाळ नसेल तर तिला सोन्याच्या भावावर थोडंच जास्त मिळतं. कडी लावलेल्या मोहरेची संग्राहकी किंमत बरीच उतरते. ती कडी आता काढायला जाऊ नका, डाग आणखी उघडा पडतो. आणि कोणतीही मोहोर चिंचेने, रिठ्याने किंवा पावडरने उजळवू नका. जुन्या नाण्यावरची झिलई एकदा गेली की परत येत नाही, आणि जाणकार ती पहिल्याच नजरेत शोधतो.

मोहरा खऱ्याच असतील असंही धरून चालू नका. सराफांनी माळेसाठी घडवलेल्या नकली मोहरा, शुद्ध सोन्याच्या असूनही, घरोघरी आहेत. टांकसाळीनेही नंतर जुन्या ठशांवरून काही नाणी पुन्हा पाडली. त्यांची किंमत वेगळी. त्यामुळे विक्रीशी संबंध नसलेल्या नाणेतज्ज्ञाकडून लेखी पारख करून घ्या. वजन, व्यास आणि दोन्ही बाजूंचे फोटो त्या कागदावर असू द्या.

आता कर. सासूकडून सुनेला आलेली भेट कायद्याने नातेवाइकाकडून आलेली भेट ठरते. तिच्यावर तुम्हाला कर नाही. सासूबाई आहेत तोवर त्यांच्या सहीचा साधा भेटपत्राचा कागद करून ठेवा. मोहरा कुणाच्या, त्यांना कशा मिळाल्या, तुम्हाला कधी दिल्या, एवढं पुरे. जुनी वाटणीपत्रं, संपत्तिकराची विवरणपत्रं (हा कर २०१५ मध्ये रद्द झाला) किंवा बँकेतल्या लॉकरची नोंद असेल तर तीही जोडा. पाचशे ग्रॅमची गोष्ट १९९४ च्या एका प्राप्तिकर सूचनेतली आहे. छाप्याच्या वेळी विवाहित स्त्रीचे तेवढे दागिने जप्त करू नयेत, इतकाच तिचा अर्थ. ती दागिन्यांची सूचना आहे, सुट्या नाण्यांची नाही, आणि करमाफीची तर नाहीच.

पूजेच्या युक्तिवादाचा निकाल फार पूर्वी लागला आहे. धोलपूरच्या महाराजांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये सांगितलं की तिजोरीतून सणाला लक्ष्मीपूजनासाठी बाहेर काढल्याने सोन्याच्या गिन्या आणि चांदीचे रुपये ‘वैयक्तिक वापराच्या वस्तू’ होत नाहीत. म्हणजे भांडवली नफ्याचा कर लागतोच. कुटुंबाने नाणी १ एप्रिल २००१ पूर्वी घेतलेली असल्याने त्या दिवशीचं बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून धरता येतं. समजा ते एका मोहरेचं १५,००० रुपये ठरलं आणि तुम्ही ती ३,००,००० ला विकली, तर नफा २,८५,०००. त्यावर साडेबारा टक्क्यांनी ३५,६२५ आणि चार टक्के उपकर १,४२५, एकूण ३७,०५० रुपये. इथे एक गोष्ट अगदी जपून करा. २००१ चं मूल्यांकन नुसत्या सोन्याच्या वजनावर करून घेऊ नका. ‘नाणं म्हणून’ करून घ्या. त्या वेळीही तिची संग्राहकी किंमत जास्त असेल तर नफा कमी होतो. मात्र सासूने सुनेला मोबदल्याशिवाय दिलेल्या वस्तूवरचा नफा सासूबाईंच्याच उत्पन्नात धरला जातो, म्हणून त्यांचं इतर उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत असेल, तर उरलेली मर्यादा या नफ्यातून वजा होते.

शंभर वर्षांहून जुनं नाणं कायद्याने पुरावस्तू. घरचा माणूस स्वतःची वस्तू विकू शकतो, परवाना लागतो तो पुरावस्तूंचा धंदा करणाऱ्याला. घेणाऱ्याकडे तो आहे का, हे विचारा. पैसे बँकेतूनच घ्या. एका माणसाकडून दिवसात दोन लाख किंवा जास्त रोख घेणं बेकायदा आहे. लिलावाला द्यायचं ठरवलंत तर कमिशन आणि किमान राखीव किंमत आधी लिहून घ्या.

प्रश्न : जुना वाडा पाडताना भिंतीतून तांब्या निघाला, आत मोहरा. मजुराला सापडला. वाडा आमचा, मग मोहरा आमच्याच ना?
– एक वाचक, वाई

उत्तर : लगेच तसं म्हणता येत नाही. १८७८ च्या गुप्तधन कायद्यात जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या वस्तूत लपवलेलं धन येतं, म्हणून भिंतही आली. सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं आणि धन सरकारी खजिन्यात जमा करायचं किंवा तारण द्यायचं. टाळलं तर त्याचा हिस्सा सरकारजमा होतो आणि एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. तुमच्या आजोबांनी गेल्या शंभर वर्षांत ते लपवलं, हे दाखवता आलं तर तुमचा दावा दिवाणी न्यायालयात टिकेल. दावेदार नसेल तर एरवी तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचं, एक चतुर्थांश जागामालकाचं. म्हणून तुमचा खरा पुरावा तांब्यातलं सगळ्यात नवं नाणं आहे. १८४१ च्या मोहरेबरोबर १९४० चा रुपया असेल तर धन १९४० नंतरच लपवलं गेलं. एकही नाणं वेगळं करू नका, तांब्या धुऊ नका, जागेचे फोटो काढा.

प्रश्न : मुलगी जर्मनीत आहे. आजोबांच्या दोन मोहरा पर्समध्ये घेऊन जाऊ शकते का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने खासगी व्यक्तीला अशी नाणी देशाबाहेर नेता येत नाहीत. पोस्टाने किंवा कुरियरनेही नाही. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड. गिनी विलायतेत पडलेली असली तरी शंभर वर्षं उलटली की तिलाही तोच नियम. मोहरा इथल्या लॉकरमध्ये तिच्या नावावर ठेवा, किंवा इथेच विकून कर भरून रक्कम बँकेमार्फत पाठवा.