हिमखिंडीतील महाश्वान

दिल्ली, गुरुग्राम किंवा नोएडाच्या वसाहतींत मे-जून महिन्यांत पहाटे पाचच्या सुमारास क्वचित एखादा सेंट बर्नार्ड फिरावयास नेलेला दिसतो. पांढऱ्या-तांबूस रंगाचा, रुंद डोक्याचा, ओघळत्या ओठांचा हा प्राणी संथ पावले टाकीत चालतो आणि थोड्याच वेळात सावलीत बसकण मारतो. पाहणाऱ्यास तो आळशी वाटतो. वस्तुतः तो आपल्या शरीरात साठलेली उष्णता बाहेर टाकण्याच्या खटपटीत असतो.

या जातीचे मूळ स्थान म्हणजे स्वित्झर्लंड व इटली यांच्या सीमेवरील ग्रेट सेंट बर्नार्ड खिंड. तिची उंची सुमारे २,४७० मीटर आहे. अकराव्या शतकात संत बर्नार्ड यांनी तेथे वाटसरूंसाठी धर्मशाळा उभारली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील मठवासीयांनी दरीतील धिप्पाड कुत्री राखणीसाठी आणली. धुक्यात वाट शोधणे व बर्फाखाली गाडलेल्या माणसाचा वासावरून माग काढणे ही कामे ती पुढे करू लागली. त्यांपैकी बॅरी नावाच्या कुत्र्याने (१८००–१८१४) चाळीसांहून अधिक माणसांचे प्राण वाचविल्याचे सांगतात. त्याचा पेंढा भरलेला देह बर्न येथील संग्रहालयात आहे. वाचविलेल्या माणसानेच लांडगा समजून त्याला ठार केले, ही कथा मात्र खोटी. तो म्हातारपणी बर्न शहरात मरण पावला. गळ्यातील ब्रँडीच्या पिंपाचीही गोष्ट तशीच. लँडसीअर या इंग्रज चित्रकाराने १८२० मध्ये ते पिंप आपल्या चित्रात रंगविले आणि तेव्हापासून ते लोकांच्या मनातून गेलेले नाही.

बॅरी आजच्या सेंट बर्नार्डहून बराच लहान व आखूड केसांचा होता. १८३० च्या सुमारास या कुत्र्यांचा न्यूफाउंडलंड जातीशी संकर करण्यात आला. त्यातून लांब केसांची पिल्ले निपजली. परंतु लांब केसांत बर्फ गोठून राहू लागला, कुत्री जड झाली, आणि मठाने अशी पिल्ले खाली दरीतील लोकांना देऊन टाकली. लोकांना नेमकी तीच आवडली! पुढे प्रदर्शनांतील चढाओढीमुळे आकार वाढतच गेला. आजच्या नराचे वजन ६४ ते ८२ किलोपर्यंत भरते. जे केस खिंडीतही अडचणीचे ठरले, ते दिल्लीच्या उन्हाळ्यात किती जाचत असतील, हे निराळे सांगावयास नको.

विलायती महाकाय कुत्र्यांचे उत्तर भारतात येणे तसे जुने आहे. सर टॉमस रो हा इंग्रज वकील जहांगीर बादशहाच्या दरबारी असताना (१६१५–१६१९) मॅस्टिफ जातीची कुत्री जहाजांतून आणली गेली. त्यांतील फक्त दोनच जिवंत पोहोचली. रोचा धर्मोपदेशक एडवर्ड टेरी लिहितो, की बादशहाने प्रत्येक कुत्र्यासाठी चार सेवक नेमले होते. दोघे त्याला पालखीतून वाहत, दोघे माशा वारीत. स्वतःच्या हाताने भरविण्यासाठी बादशहाने चांदीचा चिमटाही घडविला होता. हौस राजेशाही होती, पण अशा प्राण्याला माणसांचा अखंड राबता लागतो, हे त्या व्यवस्थेत मान्य केलेले होते.

कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकीत तो ओलाव्याच्या बाष्पीभवनाने अंग निववितो. म्हणून कोरड्या लूइतकाच जुलै-ऑगस्टमधील दमटपणाही घातक असतो. जून २०२४ मध्ये दिल्लीचे किमान तापमान ३५ अंशांच्या वर गेले होते. अशा काळात रात्रीदेखील विसावा मिळत नाही. घरात गारवा ठेवणे शक्य नसेल, तर ही जात पाळू नये हेच उत्तम. केस भादरणे हा उपाय नव्हे; ते उन्हापासून त्वचेचे रक्षणही करतात. आतील मऊ लव नियमित विंचरून काढावी. लाळ घट्ट होणे, हिरड्या गडद लाल होणे, झोकांड्या जाणे ही उष्माघाताची चिन्हे होत. अशा वेळी सर्वांगावर गार पाणी ओतीत राहावे, पंखा लावावा आणि ताबडतोब पशुवैद्याकडे न्यावे.

दुसरा धोका पोटाचा. खोल छातीच्या कुत्र्यांत जठर वायूने फुगून त्याला पीळ पडतो. कुत्रा ओकाऱ्या काढतो, पण बाहेर काहीच पडत नाही. ‘सकाळी पाहू’ असे म्हणणाऱ्या घरात सकाळी कुत्रा जिवंत नसतो. अन्न दिवसातून दोन-तीन वेळा विभागून द्यावे. पिल्लांना भराभर वाढविण्याच्या हौसेने अतिरिक्त कॅल्शियम देण्याची चाल सर्वस्वी चुकीची आहे. तिने हाडे व सांधे बिघडतात.

स्वभावाने हा कुत्रा शांत, सोशिक व काहीसा हट्टी असतो. मुलांवर तो माया करतो, तथापि त्याचा नुसता धक्काही लहान मुलाला आडवे करण्यास पुरेसा असतो. शिस्त लावावयाची ती वजन वीस किलोंच्या आत असतानाच. दिल्लीत महापालिकेकडे नोंदणी आणि रेबीजची लस या गोष्टी त्यालाही चुकलेल्या नाहीत.

त्याचे आयुष्य बहुधा आठ ते दहा वर्षांचे असते. सातव्या वर्षापासून मागचे पाय अधू होऊ लागतात आणि संगमरवरी फरशीवर ते घसरतात. तेथे सतरंज्या किंवा काथ्याच्या चटया अंथराव्यात, आणि त्याचे बिछाने जिन्यापासून दूर, दाराशी ठेवावे.