घरची बेगमी आणि आपत्काळ

‘बेगमी’ हा शब्द आमच्या घरांतून दिवसेंदिवस दुर्मिळ होत चालला आहे. एके काळी चैत्र-वैशाखात नवा गहू बाजारात आला की घरोघरी वर्षाची बेगमी सुरू होई. धान्याला ऊन द्यावे, चाळावे, निवडावे, कणगीत किंवा कोठीत भरावे. डाळींना एरंडेलाचा हात लावावा. अंगणात पापड, कुरडया, बिबडे, सांडगे वाळत घालावेत आणि मृगाची पहिली सर येण्यापूर्वी गृहिणीने निश्चिंत व्हावे, असा तो क्रम होता. सुरत व इच्छापोर परिसरात स्थायिक झालेली आमची बहुतेक मराठी कुटुंबे तापीच्याच काठाने, खानदेशातून, इकडे आली. येताना ही रीत त्यांनी बरोबर आणली होती. आता दुकान हाकेच्या अंतरावर आहे आणि सांगितलेला जिन्नस काही मिनिटांत दारात येतो. यास्तव घरात साठा करण्याची आवश्यकता काय, असा प्रश्न तरुण मंडळी विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आमच्या व्यापाऱ्यांनीच देणे उचित आहे. कारण दुकान कोणकोणत्या कारणांनी बंद पडू शकते, हे दुकानदाराइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

सुरतेचा अनुभव काय सांगतो

मध्यप्रदेशात मुलताईजवळ उगम पावणारी तापी बऱ्हाणपूर, भुसावळ या बाजूंनी वाहत येऊन सुरतेजवळ खंबातच्या आखातास मिळते. एवढ्या विस्तीर्ण प्रदेशाचे पाणी अखेरीस आमच्या दारावरून जाते. खानदेशात अतिवृष्टी झाली तर सुरतेत ऊन पडलेले असताही पूर येऊ शकतो, ही गोष्ट नवागतांस चमत्कारिक वाटते. १९५९ व १९६८ साली तापीला मोठे पूर आले. पुढे १९७२ मध्ये उकाईचे धरण पूर्ण झाले आणि पुराचे भय कायमचे गेले, असे अनेकांनी मानले. परंतु ऑगस्ट २००६ मध्ये वरच्या खोऱ्यात पावसाने थैमान घातले, धरणातून सुमारे नऊ लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडणे भाग पडले आणि ७ ऑगस्टपासून शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. ९ ऑगस्टला राखी पौर्णिमा होती. पौर्णिमेच्या सुमारास समुद्राला उधाणाची भरती असते. भरतीच्या वेळी नदीचे पाणी समुद्रात सहज शिरत नाही, ते मागे तुंबते. तापीच्या उजव्या तीरावरील रांदेर, अडाजण आणि हजिऱ्याकडील सखल भागांना या तुंबाऱ्याचा विशेष त्रास होतो. इच्छापोर याच बाजूस, हजिऱ्याच्या मार्गावर वसलेले आहे, हे येथील प्रत्येक कुटुंबाने ध्यानात ठेवले पाहिजे.

त्या पुरात लोक कित्येक दिवस वरच्या मजल्यांवर अडकून पडले. खाली पाणी, वर पाऊस, वीज नाही, दूरध्वनी नाही आणि प्यावयास पाण्याचा थेंब नाही, अशी लक्षाधीशांचीही स्थिती झाली. तिजोरीतील रोकड त्या दिवसांत पावशेर पोह्यांच्या कामास आली नाही.

संकट नेहमी पाण्याच्याच रूपाने येते असेही नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ पसरली. भयाने लोकांनी मोठ्या संख्येने शहर सोडले आणि बाजार ओस पडले. २५ मार्च २०२० पासून कोरोनाच्या साथीमुळे साऱ्या देशात टाळेबंदी झाली. आदल्या रात्री घोषणा होताच किराणा दुकानांपुढे जी झुंबड उडाली, ती आमच्यापैकी अनेकांनी गल्ल्यावर बसूनच पाहिली. वखारीत माल भरपूर होता. अडचण होती ती हमालांची, वाहनांची आणि परवान्यांची. म्हणजे देशात धान्य असणे ही एक गोष्ट आणि आपल्या चुलीपर्यंत ते पोहोचणे ही दुसरी. या दोहोंमध्ये काही दिवसांची जी खिंड पडते, ती बुजविणे एवढेच घरच्या बेगमीचे प्रयोजन आहे.

किती साठवावे

वर्षभराचे धान्य भरणे आता लहान सदनिकांत सर्वांना शक्य नाही. तथापि सात दिवसांची बेगमी कोणत्याही घरात मावते. पाच माणसांच्या कुटुंबाचा हिशेब आम्ही पुढे मांडतो. प्रौढ माणसास दिवसाकाठी साधारण ४०० ग्रॅम धान्य धरले तर सात दिवसांस १४ किलो होते. त्यात ८ किलो गहू वा पीठ आणि ६ किलो तांदूळ ठेवावा. डाळी ३ किलो, तेल १ लिटर, गूळ व साखर मिळून दीड किलो, मीठ अर्धा किलो, दुधाची भुकटी १ किलो. याशिवाय चूल पेटलीच नाही तर तीन दिवस निभाव लागावा म्हणून खाखरे, पोहे, चुरमुरे, भाजलेले चणे, शेंगदाणे, खजूर व सातूचे पीठ असा साडेचार किलो कोरडा फराळ. ही सर्व बेरीज २५ किलोंच्या आसपास येते. म्हणजे तांदळाच्या एका पिशवीएवढे ओझे. फडताळाच्या एका खणात ते सहज बसते.

पाण्याचा विचार मात्र धान्याहून आधी करावा. वीज गेली की पंप बंद पडतो आणि उंच इमारतींत नळ कोरडे होतात. पिण्यास व स्वयंपाकास माणशी रोज ४ लिटर धरले तरी पाच माणसांना चार दिवसांसाठी ८० लिटर पाणी लागते. पुराचा इशारा मिळताच २० लिटरचे चार स्वच्छ कॅन भरून वरच्या जागी ठेवावेत. पाणी गाळून, उकळून पिण्याची आमच्या घरांतील जुनी शिस्त अशा वेळी औषधापेक्षा अधिक उपयोगी पडते. इंधन नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या वेष्टनावरील सूचनेप्रमाणे वापराव्यात. तुरटीने गाळ खाली बसतो, पण रोगजंतू मरत नाहीत. तुरटी फिरविलेले पाणी शुद्ध समजू नये.

मदतीची पाकिटे येतील त्या भरवशावर राहू नये, याला आमच्या कुटुंबांत आणखी एक कारण आहे. मदत करणारे सद्भावनेने जे मिळेल ते शिजवून आणतात. त्यांत कांदा-बटाटा असतो आणि पाकीट हाती येते तेव्हा पुष्कळदा सूर्यास्त होऊन गेलेला असतो. वृद्ध व व्रतस्थ मंडळी ते अन्न घेत नाहीत आणि उपाशी राहतात. त्यांत पावसाळा म्हणजे चातुर्मासाचा काळ. ज्यांचे नियम कडक आहेत त्यांनी आपल्या नियमांत बसेल असा शिधा स्वतःच जवळ ठेवावा. दुसऱ्यांवर त्याचा भार टाकू नये. पीठ व तळलेले पदार्थ यांची जी कालमर्यादा परंपरेने पाळली जाते, ती पाळणाऱ्यांनी पिठाऐवजी अखंड धान्य आणि हातजाते जवळ ठेवणे श्रेयस्कर.

कसे साठवावे

धान्याचा पहिला शत्रू ओल होय. किडा मागाहून येतो. गव्हाचा दाणा दाताखाली कटकन तुटला तर तो साठवणीस योग्य. चिवट लागला तर त्यास आणखी ऊन द्यावे. पोत्यात हात घातल्यावर तो सरळ कोपरापर्यंत गेला तर माल कोरडा, अडला तर ओलसर, ही आमच्या धंद्यातील जुनी पारख गृहिणींनीही शिकून घ्यावी. आर्द्रता शेकडा १२ च्या खाली असली की सोंडे व टोके यांची वाढ मंदावते. ऊन दिलेले धान्य पूर्ण निवल्यावरच डब्यात भरावे; गरम भरले तर झाकणाला वाफ धरते आणि तीच वाफ दाण्यांत परत मुरते. डबा हवाबंद असावा व काठोकाठ भरावा. अखंड कडधान्यांना भुंगा लवकर लागतो, डाळींना त्या मानाने उशिरा. डाळीस किलोमागे चहाचा एक चमचा एरंडेल चोळावे. किडा मारण्यापेक्षा तो होऊच न देणे हे व्यवहारास जसे स्वस्त, तसेच अहिंसाधर्मासही धरून आहे.

येथे एक गंभीर इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. वखारींतून धुरी देण्यासाठी अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वापरल्या जातात. त्या कोणीही, कितीही आग्रह केला तरी, घरातील कोठीत टाकू नयेत. हवेतील ओल लागताच त्यांतून फॉस्फिन हा विषारी वायू निघतो. त्यावर उतारा नाही. बंद खोल्यांत निजलेली माणसे अशा धुरीने दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. आमच्या व्यापारीबंधूंनी ओळखीखातर एकही गोळी ग्राहकाच्या हाती देऊ नये.

शेंगदाण्यांना बुरशी आली तर ते निवडून न वापरता सर्व टाकून द्यावेत. त्या बुरशीचे विष भाजल्यानेही पुरते जात नाही. रवा, मैदा व पीठ थोडे ठेवावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे साठा फिरता असावा. जे आधी आले ते आधी खर्ची पडावे आणि खर्चिलेल्या जागी नवे यावे. डब्यावर भरल्याची तिथी लिहिली की हे काम सोपे होते. आणि साठ्याची जागा? तळमजल्यावर मुळीच नको. पूर्वी खानदेशात जमिनीत पेव खणून धान्य ठेवीत. कोरड्या, उंच भूमीस ते शोभले. तापीकाठी धान्याचे स्थान माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर. काडेपेटी, मेणबत्त्या, विजेरी, औषधे व महत्त्वाचे कागद हेही हवाबंद डब्यात त्याच्या शेजारी असावेत.

साठवण आणि साठेबाजी

आता आमच्या व्यवसायास झोंबणारा प्रश्न. अपरिग्रहाचा उपदेश ऐकणाऱ्यांनी साठा करावा काय? आमच्या मते भेद स्पष्ट आहे. स्वस्ताईच्या आणि विपुलतेच्या दिवसांत घरापुरते घेऊन ठेवणारा मनुष्य टंचाईच्या दिवशी रांगेत उभा राहत नाही. त्याच्या वाट्याची जागा तो दुसऱ्या गरजूस मोकळी करून देतो. ही साठवण. उलट, संकटाची वार्ता कानी येताच चार पोती उचलणारा ग्राहक आणि त्याच वेळी दुकानाची फळी लावून भाव चढण्याची वाट पाहणारा व्यापारी, हे दोघेही दुसऱ्याच्या ताटातले घेतात. ही साठेबाजी. १९५५ चा अत्यावश्यक वस्तू कायदा व्यापाऱ्यांवर साठ्याच्या मर्यादा घालण्याचा अधिकार सरकारास देतो. जून २०२३ मध्ये गव्हावर अशी मर्यादा लावली गेली होती. पण कायद्याचा पहारा दुकानाच्या दारापर्यंत असतो. त्याच्या आत पहारा करावयाचा तो आपल्या मनाने.

या बाबतीत आमच्यापुढे मोठा आदर्श आहे. तेराव्या शतकात कच्छमधील भद्रेश्वरचे जैन व्यापारी जगडूशाह यांनी येऊ घातलेल्या दुष्काळाची सूचना मिळताच धान्याची कोठारे भरून ठेवली आणि दुष्काळ पडल्यावर ती सर्वांसाठी खुली केली. हे धान्य गरिबांसाठी आहे असा ताम्रपट त्या कोठारांत त्यांनी आधीच ठेवून दिला होता, असे सर्वानंदांच्या ‘जगडूचरिता’त वर्णन आहे. धान्य भरतानाच त्याचा मालक ठरलेला होता, हे त्यातील मर्म. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी सरकारी अंबारे भुकेल्यांना लुटविली, ही कथाही मराठी घरोघर ठाऊक आहे.

पुरानंतर एक मोह असतो, त्याचाही उल्लेख केला पाहिजे. भिजलेली पोती वाळवून, माल चाळून, हलक्या भावाने विकता येतो आणि घेणारा गरीब असल्याने तक्रारही करीत नाही. पुराच्या पाण्यात गटारांची घाण, कारखान्यांची रसायने आणि उंदरांचे मूत्र मिसळलेले असते; दक्षिण गुजरातला लेप्टोस्पायरोसिसचा रोग अपरिचित नाही. असे धान्य दिसावयास सुके झाले तरी खाण्यास योग्य होत नाही. ते नष्ट करावे आणि तोटा सोसावा. विम्याची तरतूद आधीच केलेली असली तर हा निर्णय घेणे सोपे जाते. म्हणून विमा हीदेखील एक बेगमीच समजावी.

ज्यांच्या घरी साठा होऊ शकत नाही

शेवटी, हातावर पोट असणाऱ्यांचे काय? हजिऱ्याचे कारखाने, सुरतेचे माग आणि इच्छापोरची हिऱ्यांची नगरी ज्यांच्या श्रमांवर चालते, त्यांतील अनेकजण भाड्याच्या एकेका खोलीत राहतात. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली, २०१३ पासून, पात्र कुटुंबांस माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते आणि टाळेबंदीत एप्रिल २०२० पासून तेवढेच आणखी मोफत दिले गेले. परंतु रस्ता पाण्याखाली गेला की रास्त भावाचे दुकानही पाण्याखालीच असते. यास्तव आमची सदस्य बंधूंना सूचना आहे की, प्रत्येकाने आपल्या नोकर-हमालांना ज्येष्ठ महिन्यात सात दिवसांचा शिधा खरेदीभावाने द्यावा आणि त्याची वसुली थोड्या थोड्या हप्त्यांनी करावी. आपल्या संघाने उंच जागी असलेल्या एखाद्या वाडीच्या वरच्या मजल्यावर पोहे, चणे, गूळ व पिण्याचे पाणी यांचा सामाईक साठा दर पावसाळ्यापूर्वी भरावा आणि दिवाळीपूर्वी तो गरजूंत वाटून मोकळा करावा. खर्चाचा आकडा मोठा नाही. चार-सहा पेढ्यांनी मनावर घेतले तरी पुरे.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपण मुलांना शिकवितो. पूर पुन्हा केव्हा येईल हे सांगणे कोणाच्याही हाती नाही. परंतु तो आला असता आमच्या घरातील मुले उपाशी राहणार नाहीत आणि आमच्या दुकानाच्या पायरीवरून कोणी विन्मुख परतणार नाही, एवढी व्यवस्था आजच करणे सर्वस्वी आमच्या हाती आहे. ह्या लेखाच्या वाचनाने दहा घरांत जरी सात दिवसांचा डबा भरला गेला, तरी आमचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.